मोटर गेली म्हणजे नक्की काय गेले?

आपल्याकडे यंत्र बंद पडले, की निकाल दोनच शब्दांत लागतो. ‘मोटर गेली.’ पिठाची गिरणी असो, विहिरीवरचा पंप असो की सुताराच्या वर्कशॉपमधली करवत असो. बटण दाबले आणि आवाज आला नाही, किंवा नको तो आवाज आला, की माणूस हात झटकतो आणि म्हणतो, मोटर गेली. आज मला बोलायचे आहे ते या दोन शब्दांबद्दल. गेली काही वर्षे मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली जुनी वर्कशॉप आणि लाकडाच्या वखारी हिंडतो आहे. तिथल्या जुन्या करवती पाहतो, त्या चालवणाऱ्या मिस्त्रींशी आणि मोटरी बांधणाऱ्या कारागिरांशी बोलतो. या हिंडण्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. गेली म्हणून सांगितलेली मोटर पुष्कळदा गेलेली नसतेच. तिच्या आजूबाजूचे काहीतरी गेलेले असते. आणि ते काय असेल, याचा अंदाज त्या करवतीच्या वयावरून बांधता येतो. प्रत्येक काळाने या मोटरींना आपापला आजार दिला आहे. म्हणून जुन्या करवतीचा बिघाड शोधणे हे काम निम्मे वायरमनचे आहे आणि निम्मे इतिहासाचे.

सुरुवात मोटर नव्हती तेव्हापासून करू. ओंडका फाडायचा म्हणजे तो उंच घोडीवर चढवायचा. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खाली, आणि दोघांच्या मध्ये पुरुषभर लांबीची करवत. वरचा ओढणार, मग खालचा ओढणार. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. या कामात बिघडण्यासारख्या गोष्टी दोनच होत्या, करवतीचे दात आणि माणसाची पाठ.

यंत्र आपल्या भागात आले ते रेल्वेच्या कडेने. आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आहेत. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पुणे-मिरज मीटरगेज रेल्वे मात्र या वाटणीच्या कितीतरी आधीपासून हा सगळा मुलूख एका रुळावर ओवून होती. त्याच रुळाच्या कडेला आपल्या भागातले तीन नामांकित कारखाने उभे राहिले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याचे काम केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून निघाले आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९१६ साली कऱ्हाड स्टेशनाजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना सुरू झाला. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात नव्हता, असे घर त्या काळी शोधावे लागले असते. १९२२ साली धनजीशा कूपर यांनी साताऱ्याला आपला उद्योग सुरू केला आणि पुढे सातारा रोड हे स्टेशन कूपरच्या कारखान्यामुळे ओळखले जाऊ लागले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे प्रधानमंत्री होते, हे आज फार थोड्यांना आठवते.

आता कोणी विचारील, लोखंडी नांगर आणि इंजिने करणाऱ्या कारखान्यांचा करवतीशी संबंध काय? संबंध अगदी जवळचा आहे. बिडाची कोणतीही वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात रस ओतायचा. नांगराचा फाळ असो, चरकाचे चाक असो की पंपाची बॉडी असो, त्याचा जन्म आधी लाकडात होतो. म्हणून ओतकाम आले तिथे सुतार आला आणि सुतार आला तिथे करवत आली. लोखंडाच्या कारखान्याची गर्भारखोली लाकडाच्या भुशाने भरलेली असे, असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नव्हती. एका टोकाला इंजिन. छताखालून लांबच लांब फिरणारा लोखंडी दांडा, त्याला शाफ्टिंग म्हणत. त्यावर ठिकठिकाणी पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून खाली यंत्रापर्यंत उतरणारा चामड्याचा रुंद पट्टा. लेथ, ड्रिल, करवत, सगळे एकाच इंजिनाच्या जिवावर. करवतीत जाड लाकूड घुसले की सगळ्या वर्कशॉपचा वेग मंदावायचा. त्या काळचा मुख्य आजार पट्ट्याचा होता. पट्टा सैल झाला की घसरे, ताणला की बेअरिंग तापे, पावसाळ्यात चामडे ओलसर झाले की पुन्हा सैल.

पुढे वीज आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी पहिली मोटर इंजिनाच्याच जागी बसली. शाफ्टिंग तेच, पट्टे तेच. मग हळूहळू प्रत्येक यंत्राला आपली मोटर मिळाली. पण करवतीला मोटर आणि पाते यांच्यामध्ये पट्टा बहुधा राहिलाच आणि त्याच्याबरोबर जुना आजारही राहिला. म्हणून जाणते मिस्त्री एक नियम पाळतात. करवत बिघडली की मोटरला हात लावण्याआधी पट्टा उतरवायचा. मेन स्विच बंद, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात, आणि मग पट्टा खाली. आता मोटरची पुली हाताने फिरवून पाहायची. अडखळली, खरखरली, तर दोष बेअरिंगचा. सुरळीत फिरली तर नुसती मोटर चालू करायची. ती गुमान चालली, तर मोटर निर्दोष. आजार पलीकडे आहे, पात्यात, पट्ट्यात किंवा पात्याच्या बेअरिंगमध्ये. बोथट पाते, दातांवर चिकटलेला डिंक, ओले लाकूड, यांतले काहीही मोटरला धाप लावायला पुरे असते. पाच रुपयांच्या कानशीचे काम असते आणि माणूस मोटर बांधायला टाकतो.

मोटर इतक्या सहजासहजी का जात नाही, हे कळायला तिचा जन्म थोडा पाहायला हवा. निकोला टेस्ला यांना १८८८ साली अमेरिकेत बहुफेजी मोटरची पेटंटे मिळाली. पुढच्याच वर्षी जर्मनीत काम करणारे दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजवर चालणारी, पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटर केली. आज आपल्या वखारीत जी मोटर आहे ती मूळ तत्त्वाने तीच आहे. बाहेरच्या स्थिर भागात तारांची वेटोळी. तीन फेजची वीज एकामागून एक त्यांत फिरते, त्यामुळे चुंबकाचा जोर गोल गोल धावतो. आतल्या रोटरला बाहेरून एकही तार जोडलेली नसते. तो त्या धावणाऱ्या चुंबकत्वामागे ओढला जाऊन फिरतो. आपल्या देशातल्या ५० सायकलच्या विजेवर चार पोलच्या मोटरमध्ये हा जोर मिनिटाला १५०० फेऱ्या धावतो आणि रोटर त्याच्या किंचित मागे, साधारण १४४० फेऱ्यांनी. कार्बन ब्रश नाहीत, घासणारे संपर्क नाहीत. झिजणारी वस्तू म्हणजे दोन बेअरिंग. खराब होणारी वस्तू म्हणजे तारांवरचे आवरण. इतक्या साध्या यंत्राला मारायचे तर बाहेरूनच मारावे लागते.

बाहेरून मारण्याचा एक जुना प्रकार परदेशी यंत्रांबरोबर आला. लेस्टरच्या वॅडकिनसारख्या इंग्लिश कंपन्यांच्या करवती वजनाला भारी आणि कामाला नामी. त्यांच्या मोटरी आपल्याकडे सुखाने नांदल्या, कारण इंग्लंडची वीजही ५० सायकलची आणि दाबही जवळपास आपल्याइतकाच. अमेरिकन यंत्रांचे तसे नव्हते. अमेरिकेत ६० सायकल आणि घरगुती दाब आपल्या निम्मा. ट्रान्स्फॉर्मर लावून दाब जुळवला तरी सायकली जुळत नाहीत. मोटर हळू फिरते, आतले लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरते आणि काहीही न कापता मोटर तापते. अशी करवत वारशाने हातात आलेला माणूस म्हणतो, मोटरच वाईट. मोटर वाईट नसते. ती परक्या गावच्या पाण्यावर जगत असते. म्हणून दुसरा नियम, मोटरवरची पाटी आधी वाचा. व्होल्ट, सायकल, फेज, अँपिअर, फेरे. भुशाच्या आणि रंगाच्या थरांखाली ती पितळी पाटी बहुधा शाबूत असते. रॉकेलच्या फडक्याने पुसली की साठ वर्षांपूर्वीचे आकडे वर येतात.

स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी मोटरी आल्या. किर्लोस्करांच्याच घराण्यातून १९४६ साली बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी निघाली. १९४७ साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून नावाजले. यंत्र आले, शिकलेली माणसे आली. उणीव होती ती विजेची. सातारा जिल्ह्यातच पाटण तालुक्यात कोयनेवर धरण बांधले गेले आणि १९६२ साली तिथली वीजनिर्मिती सुरू झाली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ त्याआधी दोनच वर्षे, १९६० साली, स्थापन झाले होते. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून कोकणच्या बाजूला उतरते आणि तिथे वीज करते. ती मुंबई-पुण्याकडे गेली, आणि तारा जसजशा पसरत गेल्या तसतशी कृष्णाकाठच्या गावांतही आली. विहिरीवर मोट होती तिथे इंजिन आले होते, आता इंजिनाच्या जागी मोटर आली. मोट आणि मोटर, आपल्या बोलीने या दोन शब्दांची गाठ जशी काही मुद्दामच घालून ठेवली असावी.

पण लांबलचक तारांनी एक नवा आजार आणला. वायरमन त्याला ‘फेज जाणे’ म्हणतात. तीन फेजपैकी एक गायब होतो. कुठे डीपीवरचा फ्यूज उडतो, कुठे जम्पर सुटतो, कुठे स्टार्टरमधला एक संपर्क काजळून जातो. करवत बंद असताना फेज गेला, तर बटण दाबल्यावर मोटर जागच्या जागी घुमते, गुरगुरते, पण फिरत नाही. फिरत असताना फेज गेला, तर गोष्ट अधिक वाईट. मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती ओढत राहते आणि त्या दोन फेजमधला प्रवाह जवळजवळ पावणेदोन पट, ओझे जास्त असेल तर त्याहूनही अधिक होतो. कामगाराला फक्त आवाज थोडा बदललेला जाणवतो. काही मिनिटांत जळका वास येतो. अशी मोटर उघडली की तिची कहाणी दिसते. वेटोळ्यांच्या काही गटांची तार काळी ठिक्कर आणि मधले गट नव्यासारखे लालसर. सगळी वेटोळी सारखी काळी असतील, तर मोटर ओझ्याने जळाली. गट सोडून सोडून काळी असतील, तर फेजने मारली. हे शवविच्छेदन बारकाईने पाहायला हवे. कारण फेज का गेला हे न शोधता बांधून आणलेली मोटर त्याच जागी, त्याच कारणाने पुन्हा जळते.

याचीच धाकटी बहीण म्हणजे कमी दाब. तारेच्या शेवटच्या टोकाला, उन्हाळ्यात सगळे पंप चालू असताना, ४१५ व्होल्टच्या जागी ३५० मिळाले, तर माणसाला वाटते, सहावा हिस्सा कमी झाला, एवढेच. पण मोटरचा जोर दाबाच्या वर्गाने घटतो. ३५० व्होल्टवर जोर राहतो साधारण सात-दशांश. तीच करवत, तेच लाकूड, आणि पाते मध्येच अडकते. इथेही मोटर गेलेली नसते. तिला जेवण पुरत नसते.

लहान वर्कशॉपमधल्या एकफेजी करवतीचा आजार आणखी वेगळा. एका फेजवर चुंबकाचा जोर गोल धावत नाही, नुसता मागेपुढे हलतो. म्हणून अशा मोटरला पहिला ढकला द्यायला वेगळे वेटोळे असते, पुष्कळदा त्याच्या जोडीला कंडेन्सर, आणि वेग आला की ते वेटोळे आपोआप तोडणारा एक स्विच. हा स्विच मोटरच्या पोटात असतो आणि त्याचा वैरी म्हणजे भुसा. जुन्या मोटरी हवेशीर असायच्या, बाहेरची हवा आत घेऊन थंड राहायच्या. गिरणीत किंवा छापखान्यात ते ठीक. करवतीखाली मात्र हवेबरोबर भुसा आत जातो आणि स्विचच्या संपर्कांमध्ये बसतो. मग मोटर गुरगुरते, पण उठत नाही. पट्टा उतरवून पुली हाताने जरा फिरवून दिली आणि मग ती धावू लागली, तर समजावे, मुख्य वेटोळे धडधाकट आहे. दोष स्विचचा, कंडेन्सरचा, नाहीतर सुरुवातीच्या वेटोळ्याचा. पाते जोडलेले असताना हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये. बोटे आणि करवत यांच्यामध्ये नशीब ठेवायचे नसते.

बोटांचा विषय निघाला म्हणून या कहाणीतला सगळ्यांत गंभीर भाग सांगतो. या शतकाच्या पहिल्या दशकात आपण सर्वांनी भारनियमन भोगले. वीज तासन् तास नसायची आणि कधी येईल याचा नेम नसायचा. स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. वीज गेली की ती पकड सोडते, आणि वीज परत आली तरी माणसाने बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. ही कॉइल म्हणजे करवतीची शुद्ध आहे. पण वीज आल्याबरोबर पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतावर ही पकड बांधून टाकायची किंवा तिला पाचर मारायची सवय पडली. दोनच फेज असताना कंडेन्सर लावून तीन फेजची मोटर चालवायची युक्तीही याच काळात गावोगाव पसरली. अडलेल्या शेतकऱ्याची ती निकड मी समजू शकतो. उभे पीक वाळताना कोणी नियमांचे पुस्तक उघडत नाही. पण शेतावरची ही सवय वर्कशॉपमध्ये शिरली तेव्हा तिचा अर्थ बदलला. वीज नाही म्हणून मिस्त्री पात्याचे दात घासायला बसला आहे, आणि स्टार्टरला पाचर आहे, आणि वीज आली. पुढचे सांगायची गरज नाही.

म्हणून जुन्या करवतीचा बिघाड शोधताना स्टार्टर उघडून पाहणे हे मोटर उघडण्याच्या आधीचे काम आहे. पाचर आहे का? ओव्हरलोड रिलेचा काटा मोटरच्या आकड्यावर आहे, की ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून कोणी शेवटपर्यंत फिरवून ठेवला आहे? पाच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण कामावर साधारण सात-साडेसात अँपिअर घेते. रिले १२ वर ठेवलेला असेल, तर तो राखणदार झोपलेला आहे. जिथे फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असते तिथे तर राखणदाराला मारूनच टाकलेले असते. रिले सारखा पडतो, याचा अर्थ तो बिघडला असा नव्हे. तो काहीतरी सांगतो आहे.

आणि कधी कधी मोटर खरोखरच जाते. मग ती बांधायला द्यावी लागते. मोटर बांधणे हा आपल्याकडचा मोठा हुन्नर आहे आणि त्याची म्हणावी तशी कोणी नोंद घेतलेली नाही. जळालेली तार काढताना कारागीर मोजत जातो. किती खाचा, एका खाचेत किती वेढे, तारेचा गेज कोणता, वेटोळे कितव्या खाचेतून कितव्या खाचेत गेले, जोडणी कशी. ३६ खाचांची, चार पोलची मोटर असेल, तर एका पोलला एका फेजच्या वाट्याला तीन खाचा. हे सगळे तो एका वहीत उतरवतो. मी अशा वह्या पाहिल्या आहेत. तेलाने डागाळलेल्या, शिशपेन्सिलीने लिहिलेल्या, कोपऱ्यात मोटरच्या मालकाचे गाव आणि तारीख. त्या भागात कोणत्या साली कोणती यंत्रे होती, कोणत्या महिन्यात मोटरी जास्त जळत, याचा असा कागद दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. म्हातारा कारागीर जातो, दुकान बंद होते आणि वही रद्दीत जाते. ज्या मोटरची पाटी पुसली गेली आहे आणि वेटोळी घाईने तोडून काढली आहेत, तिचे वेढे पुन्हा ठरवणे फार कठीण. घाई करणारे आणखी एक पाप करतात. चिवट झालेली तार सुटावी म्हणून सगळी मोटर आगीत टाकतात. त्याने तार सुटते, पण आतल्या पातळ पत्र्यांमधले आवरणही जळते आणि मोटर कायमची तापट होते.

हे सगळे जुन्या आठवणींपुरते राहिले असते, तर मी एवढे बोललो नसतो. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, २००५ च्या पुरालाही मागे टाकून. गावभाग, मारुती चौक आणि आजूबाजूची वस्ती दिवसेंदिवस पाण्यात राहिली. २०२१ साली पुन्हा पाणी आले. वर्कशॉप तळमजल्यावर असतात आणि करवतीची मोटर जमिनीपासून हातभर उंचीवर. पाणी ओसरले तेव्हा गाळाने भरलेल्या मोटरींचे ढीग रस्त्याकडेला पडले होते आणि भंगारवाल्यांचे टेम्पो फिरत होते. तेव्हाही तेच दोन शब्द कानावर येत होते. मोटर गेली.

पुरात बुडालेली मोटर गेलेली नसते. तिला वीज जोडली, की मग ती जाते. हा फरक ज्यांना माहीत होता त्यांच्या करवती आजही चालतात. बुडालेली मोटर चालू करून पाहायची नाही, हा पहिला धडा. ती उघडायची, रोटर बाहेर काढायचा, वेटोळी स्वच्छ गोड्या पाण्याने धुवायची, कारण ओलीपेक्षा गाळ वाईट. मग सावकाश सुकवायची. ऊन, जवळ ठेवलेले मोठे बल्ब किंवा भट्टी, पण मंद आचेवर, कित्येक तास. मग ५०० व्होल्टच्या मेगरने तारा आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजायचा. सुकत जाईल तसा काटा चढत जातो. एक मेगओमच्या वर जाऊन तो स्थिर झाला, की धोका टळला. मग वार्निशचा हात, नवी बेअरिंग, नवे ग्रीस, आणि अर्थिंग नीट आहे ना याची खात्री. खर्च नव्या मोटरच्या मानाने थोडा. एवढे सांगणारा माणूस ज्या गल्लीत होता त्या गल्लीतल्या मोटरी वाचल्या. जिथे नव्हता तिथे साठ-साठ वर्षे चाललेली बिडाची यंत्रे किलोच्या भावाने गेली. माहिती गेली म्हणून यंत्र गेले.

यात एका करवतीचाच प्रश्न नाही. ज्याची करवत जाते त्याची रोजी जाते, आणि नवी घ्यायची तर कर्ज. जुने बिडाचे धूड जडपणामुळे हलत नाही, थरथरत नाही, आणि म्हणून सरळ कापते. असे यंत्र आज त्या किमतीत मिळत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे जुनी करवत आहे त्यांना माझे दोन-तीन गोष्टींचे सांगणे आहे. मोटर बिघडली असे वाटले, तर क्रम चुकवू नका. आधी मेन स्विच बंद आणि फ्यूज खिशात. मग पट्टा उतरवा. पाते आणि बेअरिंग हाताने पाहा. स्टार्टर उघडून पाचर आणि रिले पाहा. नंतर वायरमनला बोलावून तिन्ही फेज मोजून घ्या, आणि ते मोजमाप मोटर ओढत असताना घ्या, रिकामे घेऊ नका. टेस्ट लॅम्प वापरणारा असेल, तर दोन फेजमध्ये एक बल्ब लावू देऊ नका. २३० व्होल्टचे दोन बल्ब एकापुढे एक जोडलेले हवेत, नाहीतर तो डोळ्यांदेखत फुटेल. एवढे सगळे ठीक निघाले, तरच मोटर उघडा.

आणि करवत चालू आहे तोवरच एक काम करून ठेवा. मोटरवरची पाटी पुसून तिच्यावरचे सगळे आकडे एका वहीत उतरवा. कधी बांधली, कोणी बांधली, किती वेढे, कोणती बेअरिंग, हे माहीत असेल तर तेही लिहा. ती वही वर्कशॉपमध्ये ठेवू नका, घरी माळ्यावर ठेवा, जिथे कृष्णेचे पाणी पोचत नाही.